आपल्या दोघींत

मुंगी काही केल्या बैठकीवर बसेना.

दुपार कलली होती. दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले होते आणि आतल्या खोलीतले दोन्ही दिवे केव्हाचे तापून राहिले होते. करडा पडदा, त्यापुढची बिनपाठीची लाकडी बैठक, डावीकडून उतरणारा मृदू प्रकाश. अण्णांनी छायाचित्रांचे हे दुकान थाटले त्या वर्षापासून या रचनेत तसूभरही पालट झाला नव्हता. घरातल्या प्रत्येक मुलाने प्रत्येक वाढदिवशी तिथे बसायचे आणि त्याची छबी पुढचे वर्षभर दुकानाच्या दर्शनी काचेत मिरवायची, हा या घराचा कुलाचार म्हणावा इतका जुना शिरस्ता. थोरला, धाकटा आणि त्या दोघांच्या मधली आत्या, तिघेही त्या काचेआड वाढले. पुढच्या पिढीत मूल एकच, थोरल्याची लेक. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, म्हणून अण्णांनी तिला मुंगी म्हटले, आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे नाव असूनही घरात तेच रुळले. आज तिची पंधरावी बैठक होती.

"अगं बाई, टेक आता," कॅमेऱ्यामागून धाकटा म्हणाला. "दिव्यांनी मी वितळून खाली सांडलो ना, तर पुसायला तुलाच लावीन."

"टोपी घालूनच बसणार मी."

"बस की टोपीसकट. ताई मागाहून टचिंगमध्ये टोपी उतरवेल आणि केस चढवेल. काय गं ताई?"

तो एकटाच हसला. कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत अण्णा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या शेजारी, प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली वहिनी, मुंगीची आई, खांद्यावरची पर्स न उतरवताच उभी होती. तिने धाकट्याकडे नुसते पाहिले, आणि मग, ओझरतेच, आत्याकडे.

त्या ओझरत्या पाहण्याचा अर्थ आत्याला पाठ होता. दोन वर्षांपूर्वी मुंगीच्या डोक्याला चाई पडली, जागोजागचे केस गळाले. प्रथम कानामागे बोटाच्या पेराएवढी, मग पाहता पाहता तळहाताएवढी. औषधे झाली, लेप झाले, वैद्य बदलून झाले. त्या वर्षीच्या वाढदिवसाच्या छबीत आत्याने संगणकावर एकेक केस रेखून ती मोकळी जागा भरून टाकली होती. टचिंगमध्ये तिचा हात धरणारे त्या पेठेत कोणी नव्हते. नवरदेवाचे सुजलेले डोळे, म्हाताऱ्यांचे पडलेले दात, सारे तिच्या बोटांखाली निर्दोष होत असे. तिने ते मायेने केले होते. पाहून थोरला गहिवरला, अण्णांनी पाठ थोपटली. एकटी वहिनी म्हणाली होती, "विचारलं होतं का तिला?" आणि दोघींमध्ये आधीच असलेल्या मौनात आणखी एका मौनाची भर पडली होती.

आत्या कंगवा घेऊन मुंगीजवळ गेली. मुंगीचे हात बर्फासारखे गार होते.

"काय होतंय गं? पोटात दुखतंय?"

"किती वाजले आत्या?"

"साडेतीन झाले असतील. का?"

"काही नाही."

आरशाखालच्या फळीवर ठेवलेला मुंगीचा फोन थरथरला. आत्याची दृष्टी सहज तिकडे वळली, आणि उजळलेल्या पडद्यावरच्या ओळी तिने वाचायच्या म्हणून नव्हे, तर समोर आल्या म्हणून वाचल्या.

*पाचला. एकटी. टोपी न घालता. आली नाहीस तर तुझं डोकं सगळ्या शाळेला दाखवते.*

आत्याला प्रथम काहीच उमगले नाही. मग सारे एकदम उमगले, आणि तिच्या हातातला कंगवा तसाच राहिला. मुंगी तिच्याकडे पाहत होती. त्या मुलीच्या चेहऱ्यात इतके दैन्य आत्याने कधी पाहिले नव्हते. ओठ हलले, आवाज उमटला नाही. पण शब्द आत्याला कळले. *आत्या, आपल्या दोघींत.*

आणि खरे सांगायचे तर आत्या क्षणभर डगमगली. फोन पदराआड घ्यावा, पोरीला वर नेऊन दार लावावे, काय ते निस्तरावे, कोणाला कळू देऊ नये. कितीतरी गोष्टी तिने अशाच निस्तरल्या होत्या. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला.

"कोणाचा आहे तो? केव्हाचा किरकिरतोय!" म्हणत थोरला पुढे आला आणि त्याने फोन उचलला.

*पोचलीस की कळव. आणि रडू नकोस, डोळे सुजतात.*

थोरल्याने ते मोठ्याने वाचले. मग वरचे वाचले, तेही मोठ्याने.

"हे काय आहे? वर नाव आहे निळी छत्री. ही कोण?"

मुंगीने टोपी कानांवर ओढली.

"मी काय विचारतोय! कोण आहे ही? कुठे बोलावलंय? डोकं दाखवते म्हणजे काय?"

"दादा, हळू," आत्या म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस! हिला फोन कोणी दिला? मी नको म्हणत होतो. तुझी वहिनीच म्हणत होती, हिला क्लासहून यायला उशीर होतो, फोन हवा, फोन हवा. घ्या आता फोन!"

"मी दिला," वहिनी म्हणाली. "बोलायला दिला. हे कुठून आलं ते मलाही कळू दे. मुंगी, इकडे बघ. ही मुलगी शाळेतली आहे?"

मुंगीने मान हलवली. नाही.

"मग कुठली?"

"फोनवरची."

त्या एका शब्दाच्या उत्तराने, त्यात मुंगीची काही चूक नसतानाही, खोलीतला प्रत्येकजण एकेक पाऊल मागे गेल्यासारखा झाला. मग तुकड्यातुकड्यांनी हकिकत बाहेर आली. गेल्या हिवाळ्यात निळी छत्री नावाच्या कोणा मुलीने तिला निरोप पाठवला. तिलाही म्हणे चाई होती. तिलाही शाळेत टकलू म्हणायचे. रोज बोलणे होऊ लागले. एक दिवस तिने म्हटले, तुझी दाखव, मी माझी दाखवते. मुंगीने टोपी काढून फोटो काढला आणि पाठवला.

"आणि तिने तिची?" वहिनीने विचारले.

"म्हणाली, तिचा कॅमेरा बिघडलाय."

थोरल्याने कपाळावर हात मारला. "इतकी कशी गं बावळट तू? फोटोवाल्याची पोर! आपल्याच घरात येऊन कोणीतरी आपल्यालाच..."

"तिला सगळं माहीत होतं!" मुंगी एकदम ओरडली. तिच्या आवाजाने अण्णांनी डोळे उघडले. "पहिल्याच दिवशी ती मला मुंगी म्हणाली. मुंगी मला फक्त घरातले म्हणतात. मला पोहायला आवडतं ते माहीत होतं, मांजर मेलं ते माहीत होतं. मला वाटलं, ओळखीचीच असणार कोणीतरी, लाजून नाव सांगत नाही."

"हे कसं काय माहीत तिला?" अण्णांनी विचारले. त्यांना अर्धेच ऐकू आले होते, पण नेमके तेवढेच ऐकू आले होते.

धाकटा कॅमेऱ्याच्या स्टँडचा स्क्रू उगाच फिरवीत होता. दुकानाचे इंटरनेटवरचे पान तो चालवी. गेली काही वर्षे त्यावर येणारी गिऱ्हाइके काचेपुढे थांबणाऱ्यांपेक्षा जास्त झाली होती आणि त्याचा त्याला सार्थ अभिमान होता.

"पानावर टाकतो मी," तो अखेरीस म्हणाला. "तिच्या बैठकीचे फोटो. दर वर्षी. लोकांना आवडतात. खाली चार शब्द लिहितो. आमची मुंगी आज चौदाची झाली, सकाळी तरणतलावावरून येते ती भिजल्या केसांनीच... असं काहीतरी. मांजराचंही लिहिलं असेल. चांगल्या मनानं लिहिलं मी!"

"शाळेचं नाव?" वहिनीने विचारले.

"गणवेशात होती ना ती एकदा. दिसत असेल."

"म्हणजे काचेत ठेवलेलं सगळं गाव बघतं, ते कमी पडलं म्हणून तू सगळ्या जगाला वाटलंस," थोरला कडाडला. आतापर्यंत बायकोवर रोखलेला त्याचा क्रोध आता भावावर वळला. "आणि मला सांगतोस पान म्हणजे जाहिरात!"

"फोटो कोणी काढला, दादा? तूच काढलास. काचेत कोणी लावला? अण्णांनी. मी एकटाच काय तो गुन्हेगार!"

"भांडा," वहिनी शांतपणे म्हणाली. "पाच वाजेपर्यंत भांडा."

ते ऐकून मुंगी दचकली. "किती वाजले?" तिने पुन्हा विचारले. सर्वांना वाटले, पोर घाबरली आहे. घाबरलेली तर ती होतीच.

थोरल्याने फोन मुठीत घट्ट धरला होता. "हा मी आत्ता फोडतो. सगळं पुसून टाकतो. नाही राहिला फोन, नाही राहिली ती छत्री. आणि ही आजपासून शाळा आणि घर, घर आणि शाळा."

"दे इकडे," वहिनी म्हणाली.

"काय करणारेस?"

"पुसायचं नाही त्यातलं एक अक्षर. माझ्याकडे रक्ताचा नमुना येतो, तो खराब आला म्हणून मी धुऊन नाही टाकत. त्यातच तर रोग सापडतो. दे."

"पोलिसांत जायचंय तुला? दुकानाची अब्रू..."

"दुकानाला डोकं नाही," वहिनी म्हणाली. "हिला आहे."

इतक्या वर्षांच्या सहवासात आत्याने वहिनीला थोरल्यासमोर असे बोलताना ऐकले नव्हते. थोरल्यानेही नसावे, कारण त्याने फोन दिला. वहिनी बैठकीवर बसली, जिथे मुंगीने बसायचे होते तिथेच, त्या सुंदर मृदू प्रकाशात, आणि संदेश वरपासून वाचू लागली. काही मनात वाचले, काही ओठांत. एके ठिकाणी ती थांबली.

"हे बघा. सुरुवातीपासून दर दोन दिवसांनी हेच. *आईला सांगू नकोस, मोठ्यांना कळत नाही. हे आपल्या दोघींत.* पुन्हा खाली, *आपल्या दोघींतलं आहे ना हे?* पुन्हा..." तिने मान वर केली. "आणि तू लगेच ऐकलंस, मुंगी? कोण कुठली ती, ती म्हणाली आईला सांगू नकोस, आणि तू ऐकलंस?"

मुंगीने आईकडे पाहिले नाही. तिने पाहिले आत्याकडे.

आत्याने ते वाक्य ओळखले. ते शब्द त्या परक्याचे नव्हतेच. ते तिचे होते. वहिनी कामाला जाऊ लागली तेव्हापासून मुंगीच्या दुपारी आत्याच्या वाट्याला आल्या, आणि त्या दुपारी आपल्याच राहाव्यात म्हणून आत्याने काय काय दिले नव्हते! आईने नाही म्हटलेला खाऊ, गणितात कमी पडलेल्या गुणांवर पांघरूण, आणि तीन वर्षांपूर्वी, पोरगी हट्टाला पेटली तेव्हा, आपल्या हाताने उघडून दिलेले ते खाते. वय भरत नव्हते म्हणून जन्माचे वर्ष मागे ढकलून. प्रत्येक वेळी शेवटी तेच वाक्य, तोच डोळा मिचकावणे, हे आपल्या दोघींत. माया कशी ओळखावी, तर ती लपवून ठेवायला सांगते यावरून. हे या पोरीला दुसऱ्या कोणी नव्हे, तिच्या आत्यानेच शिकवले होते. परक्याने केवळ तयार वाटेवर पाऊल टाकले.

सांगावे, आत्ता, इथेच. तिने तोंड उघडले. पण त्याच क्षणी मुंगी बोलली, आणि आत्याचा धीर तिथेच सुटला.

"तुम्ही सगळ्यांनी माझं डोकं भरून काढलंत," ती म्हणाली. ती आता रडत नव्हती. "काचेत ती जी बसलीये ना, ती मी नाहीच. रोज शाळेत जाताना मला ती दिसते. छत्री एकटीच म्हणाली की जसं आहे तसं दाखव."

थोरल्याची मान खाली गेली. अण्णा उठले. उठायला त्यांना वेळ लागला, आणि तो वेळ सर्वांनी त्यांना दिला.

"दिवे बंद करा," ते धाकट्याला म्हणाले. "आज बैठक नाही. गाडी काढ, आणि या तिघींना चौकीत घेऊन जा."

"अण्णा, चौकीत बायकांनी..."

"मग कोणी जायचं? तुझ्या पानानं?"

गाडीत मागे मुंगी मध्ये बसली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या. तिला धरून ठेवायला दोघींचे हात एकाच वेळी पुढे आले आणि मुलीच्या मांडीवर एकमेकांना लागले. दोघींपैकी कोणीही हात काढून घेतला नाही. गाडी सुरू झाली तेव्हा काचेच्या दर्शनी कपाटामागे थोरला वाकलेला दिसला. तो एकेक चौकट उतरवीत होता.

"बाबा माझे फोटो काढून टाकतायत," मुंगी म्हणाली.

"काढून नाही टाकत," वहिनी म्हणाली. "आत नेतायत."

अशा तक्रारींसाठी वेगळी खोली होती, चौकीच्या मागच्या बाजूला. तिथली अधिकारी साधारण आत्याच्याच वयाची, चष्मा केसांत खोवलेली, समोर चहाचा पेला साय धरून गार झालेला. तिने मोठ्यांना खुर्च्या दाखवल्या आणि मुंगीला मात्र स्वतःच्या टेबलाच्या बाजूला घेतले, जणू ती तक्रारदार नव्हे, मदतनीस होती.

"नाव तुझं नंतर लिहू. आधी एक सांग, उत्तर दिलंस का आज तिला काही?"

"नाही."

"छान. पुसलंस काही?"

"नाही. आईने पुसू दिलं नाही."

"त्याहून छान. आता देऊही नकोस आणि पुसूही नकोस. तो फोटो समजा पसरवला, तर तो उतरवून घ्यायची तजवीज आहे. वेळ लागतो, पण होतं. ऐकतेस ना? फोटो पाठवणं हा काही तुझा गुन्हा नाही. धमकी देणं हा त्याचा आहे."

"ती मुलगी आहे," मुंगी पुटपुटली.

"असेल. हिवाळ्यापासून बोलतेय, कधी आवाज ऐकलास?"

मुंगीने विचार केला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू ओसरत गेले, आणि ते पाहणे आत्याला असह्य झाले.

"नाही," मुंगी म्हणाली. "तिचा घसा बसलेला असायचा."

अधिकारी हसली नाही. तिने पुढचा प्रश्न विचारला. "हे खातं तुझं. इथे तू अठराची आहेस. कोणी उघडून दिलं?"

"मी."

"वय तूच बदललंस?"

"हो. मीच."

उत्तर इतक्या तत्परतेने आले की वहिनीलाही त्यात काही वावगे वाटले नाही. आत्या पाहत होती. मुंगी ताठ बसली होती, नजर टेबलाच्या कडेवर, आणि टेबलाखाली तिचा पाय आत्याच्या पायावर दाबून धरलेला. ती आत्याला वाचवीत होती. शिकवलेले तिने तंतोतंत आत्मसात केले होते.

आत्या काही बोलली नसती तर बिघडले नसते. कागद पुढे सरकला असता, वहिनीला कधीच कळले नसते, दुपारी पूर्ववत आत्याच्याच राहिल्या असत्या. पण त्या पायाचा तो चिमुकला भार तिला पेलवेना.

"खोटं बोलतेय ती," आत्या म्हणाली. "खातं मी उघडलं. वय मी बदललं."

वहिनीने मान वळवली.

"बाराची होती ती," आत्या तिच्याकडे बघत म्हणाली, कारण अधिकाऱ्यापेक्षा हे तिलाच सांगायचे होते. "तू नाही म्हणाली होतीस. म्हणून मुद्दाम उघडलं. तुला सांगायचं नाही, हे आपल्या दोघींत, असं मीच शिकवलं हिला. तू वाचलंस ना मघाशी, ते वाक्य माझं आहे वहिनी. त्याने माझंच वापरलं."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. आत्याला वाटले, आता ही उठेल, नाहीतर इतक्या वर्षांचे सगळे एकदम बोलेल. बोलली असती तरी तिचा अधिकार होता.

"वन्सं," ती फार हळू म्हणाली, "हे घरी बोलू आपण." आणि मग, क्षणभराने, "बरं झालं बोललात."

मुंगी दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. काहीतरी मोडेल, फुटेल, कोणीतरी ओरडेल याची ती वाट पाहत असावी. तसे काही झाले नाही. गुपित टेबलावर येऊन पडले होते आणि खोली जागच्या जागी होती. मुंगीचा पाय आत्याच्या पायावरून सरकला.

"आई, किती वाजले?"

"पाचला थोडा वेळ आहे. तुला कुठे जायचं नाहीये बाळ, घाबरू नको."

"मला नाही." मुंगी ताडकन उठली. "मला नाही गं आई! ती जाणारे!"

"कोण?"

"शेजारच्या शिंपीणकाकूंची मुलगी. माझ्या वर्गातली. तिची पण छत्रीशी ओळख आहे, मीच करून दिली. तिला वाटतंय आज माझ्या वाढदिवसाची गंमत आहे, छत्री केक आणणारे, मी पण येणारे. तिला धमकीचं काही माहीत नाही. मी शपथ घातली होती स्वतःला की नाही सांगणार. मला वाटलं, मी गेले की आम्ही दोघी असू, मग काही होणार नाही. आणि बाबांनी फोन घेतला, मी येत नाहीये हे मला तिला सांगताच आलं नाही!"

अधिकारी आधीच उभी राहिली होती. "कुठे बोलावलंय?"

"बंद पडलेलं थिएटर आहे ना, त्याच्या मागे. गाड्या लावायची जागा."

अधिकाऱ्याने दाराबाहेर दोन शब्द टाकले. बाहेर खुर्च्या सरकल्याचा, बूट धावल्याचा आवाज झाला. मग तिने मुंगीचा फोन तिच्याच हातात दिला. "लाव तिला. आवाज मोठा ठेव. घाबरवू नकोस, फक्त बोलत राहा."

घंटी वाजत राहिली. वहिनी आपल्या फोनवर शिंपिणीचा नंबर शोधीत होती. नंबर सापडत नव्हता, म्हणून आत्याने तिच्या हातून फोन घेऊन तो शोधला, लावला आणि परत तिच्या कानाशी धरला.

"अगं कुठे आहेस तू?" पलीकडून एक वैतागलेला, कोवळा आवाज आला. "मी कधीची आलेय! इथे चिटपाखरू नाहीये."

"तू... तू एकटीच आहेस ना?"

"एकटीच. छत्री म्हणाली, गाडी पाठवते, त्यात बस, तू गाडीतच आहेस. आहेस का तू गाडीत?"

मुंगीने अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने ओठांनी विचारले, *समोर काय आहे?*

"तुला समोर काय दिसतंय गं? दुकानबिकान?"

"कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. का?"

"तिथे जा."

"आणि गाडी आली तर? एक आली वाटतं ती, पांढरी..."

"धाव!" मुंगी किंचाळली. "बघू नको तिकडे, धाव आधी, मग सांगते!"

पलीकडे फोन हातातून खालीवर होत असल्याचे आवाज, चपलांची फटफट, कोणाचा तरी धक्का, काचेचे दार. मग एका बाईचा आवाज, काय झालं गं, कोण मागे लागलंय. मुंगीच्या फोनच्या वरच्या कडेला एक ओळ चमकून गेली, *बघ आता काय करते*, आणि तिच्या पाठोपाठ एक चित्र, लहानसे, पण ओळखू येईल इतके मोठे: मुंगी, टोपीविना. मग वर्गातल्यांचे संदेश एकामागून एक थडकू लागले. आत्याचा हात आपसूक पुढे झाला, झाकायला. मुंगीने तो बाजूला केला. संदेशांकडे तिने पाहिले, वाचले नाहीत, आणि फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"आत आलीस का? दुकानात?"

"आले." पलीकडची मुलगी आता रडत होती. "काय झालंय मुंगे? ती गाडी बाहेर थांबलीये. मला भीती वाटतेय."

"आतच थांब. बाईंना सांग दार लावा. पोलीस येतायत, निघालेत."

"पोलीस?" एक हुंदका. "हे आईला नको सांगूस हं. मारेल ती मला. आपल्या दोघींतच ठेव, प्लीज, शप्पथ आहे तुला."

वहिनी शिंपिणीशी हलक्या आवाजात बोलत होती, ती थांबली. मुंगीने आईकडे पाहिले, मग आत्याकडे.

"नाही ठेवणार," ती म्हणाली. "सांगितलंय तुझ्या आईला. माझी आई बोलतेय तिच्याशी, इथेच आहे ती. नाही मारणार. तू फोन ठेवू नकोस. आणि त्या औषधवाल्या बाईंना सगळं सांग. पहिल्यापासून सांग. मी ऐकतेय."